अडगावच्या लढाईत आमचं घर पळालं नाही

१९ नोव्हेंबर २००७, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. खताच्या दुकानाची मागच्या सालची डायरी कोरी पडली होती. तिच्यातले वार खोडून नवे टाकून राहिली. चौथी पास आहो. अक्षर मोठं आहे, पण वाचता येते.

कारण असं की गावात पिक्चरवाले आले. अडगावची लढाई काढून राहिले. सन १८०३. इकडून नागपूरकर भोसले, तिकडून इंग्रज. सकाळी बंडी जुंपली तर जेवाच्या आत अडगाव येते, म्हणजे लढाई आमचीच म्हणा लागन. देवरावच्या पडीक वावरात त्याईनं तंबू ठोकले.

असल्या पिक्चरमध्ये लय खोटंनाटं घुसवते. ते धराले गावातलं जाणकार माणूस पाहिजे. मी ठरवलं, आपणच पाहू.

खुशालरावाले सांगतलं. मालकाचं नाव मी तोंडानं घेत नाही, लिहाले काय जाते. ते म्हणे, बरं. त्या माणसाचं कशालेही बरंच असते.

२० नोव्हेंबर, मंगळवार

आमच्या घराची गोष्ट एक डाव लिहून टाकते.

खुशालरावाचे खापरपणजोबा रायभानजी (किती खापर लावाचे ते मोजलं नाही) भोसल्याच्या तोफेवर होते. बैल तोफ ओढत, हे बैल हाकत. लढाई झाली त्या दिवशी ते दिवे लागाच्या आत घरी आले. एवढंच झालं. गावानं त्याचं केलं की रायभान पळाला. देवरावचा खापरपणजोबा आठवड्यानं लंगडत आला, तर तो शूर. उशिरा आला म्हणजे शूर, हा कुठचा न्याय? माह्या मते रायभानजी काही निरोप घेऊन आले होते. कोणता, ते आता कोणाले माहीत नाही. पण महत्त्वाचा असन.

याच्यापायी पोळ्यात पहिल्या जोडीचा मान देवरावच्या घरी आणि आमची जोडी सगळ्यात शेवटी. देवरावकडे आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. पोळ्यापुरती अंजनगाव सुर्जीहून सासऱ्याची जोडी आणते आणि उसन्या बैलावर मान घेते. त्याची बायको सत्यभामा भर बँडमध्ये ओवाळते, अख्खं गाव पाहते. आमची जोडी तोरणाखाली येईपर्यंत बँडवाले चहा प्याले गेले असते आणि माह्या ताटातला दिवा विझला असते. लग्न होऊन आली तवापासून हेच.

मले एक डाव पहिल्या जोडीले ओवाळाचं आहे. तोरणाखाली, बँड वाजत असताना. आणखी काही नाही पाहिजे.

वामनराव पोलीस पाटलाले पारावर गाठलं. विचारलं, पिक्चरमध्ये रायभान उभा राहिला असं दाखवलं तर? तो हसला. म्हणे, वहिनी, पिक्चरमध्ये तुमच्या घरचं माणूस तोफेपाशी उभं दिसू द्या, येत्या पोळ्याले मान तुमचा. चारचौघात बोलला. आता फिरता येत नाही.

२१ नोव्हेंबर, बुधवार

डायरेक्टरले भेटाले गेली. भेटू देत नव्हते. त्याच्या मागं कागद घेऊन एक पोरगी फिरते, तहरीम. अमरावतीची आहे, आता मुंबईले राहते. पोरगी चांगली आहे, म्हणजे ऐकून घेते. तिले सांगतलं, असं घ्या: सगळी फौज पळाली, रायभानजी तोफेपाशी एकटे राहिले, तीन गोरे लोळवले आणि तथीच वीरगती पावले. तिनं सगळं लिहून घेतलं. मग मान वर करून विचारते, काकू, त्याईचं लग्न झालं होतं काय तवा? मी म्हटलं, कुठचं लग्न, मिसरूड फुटलं नव्हतं. तर म्हणे, मंग काका कुठून आले?

शिकलेल्या पोरी असंच मधात बोलते.

घरी सांगतलं तर खुशालराव भाकर हातात धरून हसले. आचल आमची पोरगी, अकोल्याले बी.ए.ले आहे, सुटीत आली. तीही हसली. यात हसासारखं काय होतं?

उद्या दुरुस्ती देणार. वीरगती नाही. जखम. डाव्या दंडाले.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

काल लिहिलं नाही. वेचणीले बाया भेटल्या नाहीत, सगळ्या शूटिंग पाहाले. मलेच वेचा लागलं.

आज शूटिंगवर गेली. चुकाच चुका. भोसल्याच्या शिपायाच्या हातात घड्याळ. एकाच्या कमरेले तलवार आणि अंगातल्या बंडीच्या खिशात मोबाइल, तो लढाईत वाजला आणि त्यानं उचललाही. म्हणे, बाद में करता हूँ, अभी घिरा हूँ. हिरोचे दंड जिममधले, भाकर खाऊन असे दंड येत नाहीत. मागं विजेचे खांब उभे. मी ओरडली, खांब दिसते! डायरेक्टर म्हणे, कॉम्प्युटरवर पुसू. मी म्हटलं, लाइन तर आधीच पुसली सरकारनं, आता खांबही पुसा. सगळे हसले. मी हसवाले बोलली नव्हती.

दंडाची जखम लिहिली काय, तहरीमले विचारलं. म्हणे, हो काकू. कागद उलटा धरला होता तिनं. पण लिहिली असन.

२५ नोव्हेंबर, रविवार

आज डायरेक्टरले माहं पहिल्यांदा पटलं. मी म्हटलं, नोव्हेंबरात त्या काळी ज्वारी उभी असन, माणूस बुडन एवढी. तुमच्या लढाईच्या मागं सगळी कापसाची पऱ्हाटी दिसून राहिली, तेही बीटी. अठराशे तीनमध्ये बीटी होती काय? तो कपाळाले हात लावून बसला. पण पटलं.

आता ज्वारी आणाची कुठून? पेरते कोण? पातूरहून ट्रकभर कडबा आणला आणि एकेक धांडा जमिनीत रोवला. गाव दिवसभर रोवत होतं. संध्याकाळी असं दिसे, माह्या माहेरचं शिवार. डोळे भरून आले.

२६ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पाहते तर रणभूमी साफ. गावातल्या ढोराईनं किती सालापासून कडबा पाहिला नव्हता. एक धांडा ठेवला नाही. मधोमध देवरावची म्हैस बसून रवंथ करून राहिली होती. डायरेक्टर तिच्यासमोर उभा. आमचेही बैल होते. पण त्याईनं कमी खाल्लं.

इतिहासाचं नुकसान झालं. माहा इलाज नाही.

दुपारी निराळंच. भोंग्यावरून पुकारलं, कोणाकोणाले मरता येते, हात वर करा. शंभर लोक होते. एक हात वर गेला नाही. सगळे जमिनीकडे पाहून राहिले. मुंबईवाले आपसात म्हणे, भाषा समजत नाही काय याईले? वामनराव उठला, डायरेक्टरच्या कानाशी गेला आणि सांगतलं की साहेब, हा शब्द आमच्या गावात भोंग्यावर घेऊ नका. दोन सालात कर्जापायी तीन घरं झाले.

पुढं लिहीत नाही.

डायरेक्टरनं भोंगा खाली ठेवला. मंग साध्या आवाजात म्हणे, पडणारे कोण कोण आहेत? पडणाऱ्याले जेवणात दोन अंडे, उभं राहणाऱ्याले एक. तवा सगळे हात वर. भोसल्याचे पडले, इंग्रजाचे पडले, घोड्याजवळचे पडले. म्हातारा शालिकराम इकडून पडला, मंग टोपी बदलून तिकडून पडला. शेवटी उभं राहाले कोणी उरलंच नाही. डायरेक्टर म्हणे, अरे, एक तरी माणूस उभा पाहिजे तोफेपाशी!

मी म्हटलं, साहेब, मी देते. बैलासकट देते.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

झालं. आमची जोडी पसंत पडली. चांद्या आणि कोसा, दोघंही शांत, मालकावर गेले. तोफेले तेच जुंपणार आणि कासरा धरून खुशालराव. म्हणजे रायभानजीच. तहरीम म्हणे, काकू, त्या माणसाले पिक्चरमध्ये नाव नाही. मी म्हटलं, नाव गावाले माहीत आहे.

खुशालराव म्हणे, मले अंडं चालत नाही. मी म्हटलं, तुमाले कोणी विचारलं?

आणखी एक कळलं. पिक्चरमध्ये शेवटी भोसले जिंकते. आचल म्हणे, आई, हे तर साफ खोटं आहे, अडगावले आपण हारलो, पुस्तकात आहे. मी म्हटलं, पुस्तकवाले होते काय तथी? पिक्चरमध्ये हारले तर तिकीट कोण काढन. इतिहास बरोबर पाहिजे हे खरं, पण हट्टाले पेटू नये.

२८ नोव्हेंबर, बुधवार

खुशालरावाची तयारी करून घेतली. ते चहा पीत असताना मागून परात आपटली. हलले नाहीत. पुन्हा आपटली. म्हणे, साखर कमी झाली.

संध्याकाळी इनायतुल्लाभाई आले, अकोटचे आतषबाज. आचलच्या काकाच्या लग्नात यांचेच बाण होते. तोफेचा आवाज तेच करणार. त्याईनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणे, भाभी, बैलोंके कान में कपास भरना पडेंगा. आमच्याच वेचणीचा कापूस दिला. बैलाच्या कानात किती भराचा, ते दाखवलं. उरला तो खुशालरावाले दिला. मंग माह्याकडे पाहून म्हणे, आप भी रख लो भाभी, आवाज बहोत बडा हय. मी म्हटलं, इनायतुल्लाभाई, तोफ आमच्या घराले नवी नाही.

आज लवकर निजणार. उद्या इतिहास आहे.

२९ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ

तहरीम म्हणे, खरी लढाई याच तारखेले झाली होती. अंगावर काटा आला. तिनं ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगाले पाहिजे होती, नारळ आणला असता.

खुशालरावाले पागोटं बांधून दिलं. चांगले दिसून राहिले. सांगतलं नाही.

२९ नोव्हेंबर. संध्याकाळ

सगळं नीट झालं.

पाहणाऱ्याईसाठी दोरी बांधली होती. तिच्या मागून खुशालरावाचं पागोटं सरळ आहे की नाही ते दिसे ना. म्हणून दोरीच्या आत गेली. जाणकाराले दोरी नसते. तोफ वाजली. आवाज चांगला होता. इनायतुल्लाभाई सांगत होते त्याहून चांगला. त्याच टायमाले मले आठवलं की आपण चुलीवर दूध ठेवून आलो. म्हणून घरी आली. जरा लगबगीनं आली. दूध चुलीवर नव्हतं, शिंक्यात होतं, ते घरी आल्यावर दिसलं. येता येता एक चप्पल वावरात राहिली. गर्दीत होते असं.

दिवे लागाच्या आत घरी होती.

खुशालराव मागून आले. विचारलं, उभे होते ना? म्हणे, उभा होतो. बैल? तेही. आणि माह्याकडे पाहून मिशीत हसले. काहून हसता, विचारलं. म्हणे, काय म्हणतेस? मी म्हटलं, कापूस काढा कानातला!

३० नोव्हेंबर, शुक्रवार

पिक्चरवाले गेले. तहरीम चप्पल द्याले घरी आली. दोरीपासून लय लांब सापडली म्हणे. वारा असन. शॉट एकाच डावात घेतला, बारूद तेवढीच होती, आता पुन्हा काढता येत नाही, असं तिनं सांगतलं. मी म्हटलं, पुन्हा कशाले? पहिल्याच डावात बरोबर आला, कारण मागं लक्ष ठेवाले माणूस होतं. ती म्हणे, हो काकू, तुमी होत्या. आणि डोळे पुसत निघून गेली. पोरीले आमचा लळा लागला होता.

पोळ्याले मोरपंखी लुगडं घेणार.

२२ ऑगस्ट २००८, शुक्रवार

मधात लिहिलं नाही. लिहासारखं नव्हतं. पाण्यानं दगा दिला, सोयाबीन दोनदा पेरलं.

आज अकोटले पिक्चर लागला. गाव दोन कमांडर जीपमध्ये भरून गेलं, टपावरही. मी मोरपंखी लुगडं नेसली. सत्यभामा म्हणे, पोळ्याआधीच नेसल्या काय? मी म्हटलं, दोन्हीले होईन.

लढाई आली. तोफ आली. तोफेपाशी खुशालराव. पागोटं, कासरा, दोन्ही बाजूले बैल. असे उभे होते की मले माहे सासरे आठवले. देवरावकडे वळून पाहणार, तेवढ्यात तोफ वाजली आणि डाव्या अंगानं एक बाई आली. पदर दोन्ही हातानं डोक्यावर धरलेला, तोंड उघडं, डोळे मिटलेले. भोसल्याची फौज अजून जागेवर, इंग्रज जागेवर, ती एकटीच धावून राहिली. खुशालरावाच्या पुढून गेली, आख्खा पडदा भरून. मधातच तिची चप्पल हवेत उडाली. प्लास्टिकची, हिरवी. ती गेल्यावर धूर. धूर गेल्यावर हिरो.

टॉकीज उठून उभी राहिली. शिट्ट्या. देवराव मागून ओरडला, रायभान आला रे, रायभान आला!

साडी मातकट दिसत होती. माही निळ्या फुलाची होती त्या दिवशी. म्हणून ती बाई कोण, हे सांगता येत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

आचल म्हणे, आई, साडीचा रंग त्याईनं कॉम्प्युटरवर बदलला. चेहरा तर तुहाच आहे. पोरीचे डोळे तपासाले पाहिजे.

खुशालराव म्हणे, अवं, मी उभाच होतो, तू मधात आली. मी म्हटलं, मधात कोण येते ते पाहाचं काम डायरेक्टरचं आहे. ते म्हणे, बरं.

२५ ऑगस्ट, सोमवार

आचलच्या मोबाइलवरून तहरीमले फोन लावला. साफ सांगतलं. सन १८०३ मध्ये प्लास्टिकची चप्पल नव्हती. अडगावच्या लढाईत बाई नव्हती. पिक्चरमध्ये इतिहासाची एवढी मोठी चूक शोभत नाही. ती बाई काढा. ती गेली की मागचा माणूस दिसन.

तहरीम म्हणे, काकू, साहेबांनी काढली होती, मंग परत लावली. काहून? तर म्हणे, साहेबांचं म्हणणं असं पडलं की बाकीचे सगळे सांगतलं म्हणून पळाले. ती बाई एकटी खरंच पळाली. पूर्ण पिक्चरमध्ये तेवढंच खरं आहे. साडी मळकी केली, पण चप्पल पुसाची राहून गेली, त्याची माफी मागते.

मी म्हटलं, मले माफी नको, खाडाखोड पाहिजे. फोनमधले पैसे संपले.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पोळा परवावर आला. पारावर गेली. वामनरावले म्हटलं, शब्द पाळा. आमच्या घरचं माणूस तोफेपाशी उभं होतं. देवराव म्हणे, होतं असन, दिसलं कुठी? दिसलं ते पळताना दिसलं. एक उभा, एक पळाली, तुमचं घर बरोबरीत सुटलं वहिनी. शालिकराम म्हातारा म्हणे, बरोबरीत नाही, वहिनीचा सीन मोठा आहे. सगळा पार हसला.

खुशालराव कधी नाही ते बोलले. म्हणे, मी चार डाव पाहून आलो. दिसतो. पागोट्याचं टोक दिसते.

वामनरावनं मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मंग म्हणे, माणसाचं सोडा. बाईच्या पदरामागून बैलाचे चारही शिंगं दिसले. आख्ख्या पिक्चरमध्ये हलले नाहीत ते तेवढेच. पोळा बैलाचा असते. पहिला मान चांद्या-कोसाले.

मी जिंकली. बैल आमचेच आहेत.

३० ऑगस्ट, शनिवार. पोळा

जोडी पहिली उभी राहिली. मोरपंखी लुगडं. ताट, दिवा, सगळं बरोबर. अख्खं गाव दोन्ही अंगानं. बँडवाल्यानं मोठ्या ढोलावर टिपरू उचललं, तर देवराव ओरडला, अरे हळू लेका, वहिनी ताटासकट घरी जाईन!

गाव हसून हसून खाली बसलं. वामनराव चांगला माणूस. मले तरास नको म्हणून त्यानं हात वर केला आणि बँड थांबवला. चिडीचूप झालं. मी ओवाळलं. जोडी तोरणाखालून गेली. बैलाच्या गळ्यातल्या घुंगराचा आवाज येत होता, बस.

मी हलली नाही. हे लिहून ठेवते. कोणी म्हणन, वाजलं काय होतं हलाले.

बँड शेवटच्या जोडीपाशी वाजला. लय वेळ वाजला. देवरावची होती.